पोस्टकार्डाएवढी फट

फुटलेली सरकी आतून पिवळट असते आणि त्या पिवळटपणावर काळे, बारीक ठिपके असतात. श्रीपती मिस्त्रींनी तसा एक तुकडा नखावर घेऊन उजेडात धरला. पसाभर रुईत एखादा तुकडा चालून जातो. काल सकाळच्या पसाभर रुईत सात निघाले होते. सात नंबरचा रेचा तिसऱ्यांदा दुरुस्तीला परत आला होता आणि संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये गेला होता.

जालन्याच्या या जिनिंग कारखान्यात मिस्त्रीखाना आणि रेच्यांची शेड यांच्यामध्ये एक भिंत होती. अलीकडे फिटर रेचे जोडत. पलीकडे बायका त्यांत कापूस घालून रुई आणि सरकी वेगळी करत. तक्रारीच्या चिठ्ठ्या भिंतीतल्या खिडकीतून येत. चालू शेडमध्ये फिटरने पाऊल टाकायचे नाही, बाईने पान्याला हात लावायचा नाही, हा निजामाच्या राजवटीतला शिरस्ता. राजवट जाऊन पाच वर्षे झाली तरी तो टिकून होता. काही बिघडले की फिटर म्हणत, बायांना चालवता येत नाही. बाया म्हणत, तिकडून नवरीसारखा नटवून पाठवतात, नांदवायचा आम्ही.

ज्याने रेचा जोडला त्याने पहिले आठ दिवस शेडमध्ये बसून तो चालवावा, असे मॅनेजर वामनराव दोन वर्षे सुचवत होते. श्रीपती दर वेळी म्हणत, हंगाम संपू द्या. बावीस वर्षे या कामात मुरलेल्या हाताची चूक चारचौघींसमोर निघेल, ही धास्ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. आता मालकांचा निरोप आला होता: सात नंबर आज चालला नाही, तर संध्याकाळी बाहेरचा मिस्त्री बोलवायचा आणि मिस्त्रीखाना त्याच्या हवाली करायचा.

म्हणून भोंग्याआधीच श्रीपती भिंतीपलीकडे गेले. अठरा वर्षे सात नंबरवर बसणाऱ्या झुंबरबाई पदर खोचत होत्या.

"मिस्त्री, वाट चुकले का?"

बाया हसल्या. श्रीपतींनी ते ऐकले न ऐकलेसे केले.

"रेचा पाहून राह्यलो. काल पोस्टकार्ड सरकवून रूळ अन् पात्यातली फट बराबर घेतल्ती म्या."

"कवा?"

"दुपारी."

"रिकाम्यावरच?"

"मंग? कापूस तर तुमच्याकडं."

झुंबरबाईंनी त्यांना चामड्याच्या रुळाला हात लावून पाहायला सांगितले. रूळ गार होता आणि बोटाखाली फुगीर लागत होता. मग त्यांनी सगळे उलगडून सांगितले. तीर्थपुरीकडच्या गाड्या रात्रभर चालून पहाटे पोचतात, कापसावर दहिवर असते. रात्रीच्या गारव्याने आधीच फुगलेले चामडे ते पिऊन आणखी फुगते, फट बुजते, रूळ कापूस हिसकून ओढतो आणि पात्यात सरकी फुटते. ऊन चढले की चामडे पुन्हा जागेवर.

"सकाळी दोन पोस्टकार्डं लागत्यात. दुपारी एक बास."

श्रीपतींनी रूळ पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिला. त्यांनी मोजले होते ते अचूकच होते, फक्त दुपारचे होते.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"दोनदा आल्ते खिडकीशी. तिथं बसणारा तुमचा मच्छिंद्र म्हणला, चिठ्ठी आणा. मला लिव्हता येत अस्तं तर रेच्यावर कशाला बसले अस्ते? मॅनेजर झाले अस्ते."

या वेळी श्रीपतींनाही हसू आवरले नाही. खिशातली दोन पोस्टकार्डे काढून त्यांनी फट घेतली, नट आवळले. भोंगा झाला, पट्टा फिरला, झुंबरबाईंनी ओला कापूस घातला. खालची रुई पसाभर उचलून श्रीपतींनी निवडून पाहिली. एक तुकडा. पुन्हा पसाभर. एकही नाही.

तेवढ्यात वामनराव आले. मागोमाग मच्छिंद्र आणि दोघे फिटर दारापर्यंत येऊन तिथेच थबकले. दुरुस्त झाला का, एवढेच वामनरावांनी विचारले. झाला, एवढे म्हणून परत जाता आले असते. नोकरी वाचलीच होती. बाया हात थांबवून ऐकत होत्या. श्रीपतींनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि पट्ट्याच्या आवाजावर ऐकू जाईल असे म्हणाले,

"साहेब, आजपासून जो रेचा जोडंल, तोच आठ दिस हितं बसून चालवंल. पहिला मी. झुंबरबाई शिकवतील तसा."