माझ्यामागे खोली आहे

मी आज बोलतोय तो एका खऱ्याखुऱ्या दारातून. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याआधी सहा वर्षं मी नुसता नमुना होतो. वीतभर फळीवर बसवलेलं एक पितळी कुलूप.

ती फळी हेच माझं दार. पुढे गिऱ्हाईक, मागे काहीच नाही. किल्ली फिरवली की माझी जीभ बाहेर यायची, हवेत थांबायची आणि ओशाळून परत आत जायची. कपाटात ठेवलं की मी स्वप्नं बघायचो. आपल्यामागे एक खोली आहे, खोलीत दिवा आहे, कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.

मला बाबांनी घडवलं. कारखान्याचे मालक तेच आणि मुख्य कारागीरही तेच. किल्लीचे दोन फेरे, दोन खटके. पहिला बारीक, दुसरा भरदार. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मनासारखा आवाज येईपर्यंत कानस खाली ठेवायचे नाहीत. शिवाय आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून किल्ली. याचा त्यांना कोण अभिमान!

पण नवी दारं कुलपासकटच तयार येऊ लागली. कारखान्यातली अकरा माणसं हातावर हात ठेवून बसली. परदेशात गिऱ्हाईक मिळालं नाही तर वर्षअखेरीस कारखान्याला टाळं लावायचं, असं ठरलं. कुलपाच्या कारखान्याला टाळं! एरवी मी पोट धरून हसलो असतो.

बाबांची दोन मुलं, ताई आणि धाकटा. धाकटा म्हणाला, "शेजारच्या देशात जाऊ. सकाळी निघालं की दुपारी पोचतो. भाषा तीच, आपलीच माणसं!" ताईलाही पटलं. मला पिशवीत घालून दोघं निघाली.

माणसं खरंच आपली निघाली. त्याच विनोदांना हसली, तेवढ्याच आग्रहानं चहा पाजला. मग पहिल्या दुकानदारानं मला कौतुकानं उचललं, उलटं केलं आणि त्याचा चेहराच पडला.

"आतूनही किल्ली? अहो, आमच्याकडे हे चालत नाही. आग लागली तर आतून किल्लीशिवाय, नुसती मूठ फिरवून दार उघडलं पाहिजे, असा कायदा आहे."

"मग आधी नाही का सांगायचं?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सात दुकानं पालथी घातली. सगळीकडे तोच चहा आणि तेच उत्तर. परतीच्या गाडीत ताई मला मांडीवर घेऊन बसली होती. "आपली माणसं म्हटलं की आपण काही विचारतच नाही रे," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं एक वही केली. दारं कशाची, किती जाड, कायदा काय, चोर कुठून शिरतात? देशोदेशी पत्रं गेली. उत्तरं येतील तसा एकेक देश ती खोडत गेली. कुठे जकात भारी, कुठे दारं पुठ्ठ्यासारखी, कुठे परवानगीलाच दोन वर्षं. शेवटी एकच उरला, सगळ्यांत लांबचा.

"तिथे आपलं कोण आहे?" धाकटा वैतागला.

"दार आहे," ताई म्हणाली.

दोन दिवसांचा प्रवास झाला. मी पिशवीत पेंगत होतो. पिशवीबाहेरचा एक शब्द कळेना. तिथल्या दारांना अर्धी काच होती. चोर काच फोडून हात घालायचा आणि आतली कडी काढायचा. आत किल्लीच लागली तर बिचारा करणार काय? आणि कायद्याची आडकाठी नाही, हे ताईनं घरूनच विचारून घेतलं होतं.

आम्ही गेलो ते दारांचं दुकान एका पांढऱ्या केसांच्या सुतारीणबाईंचं होतं. त्यांनी किल्ली फिरवली आणि डोळे मिटले. अगदी बाबांसारखे! मला भरून आलं. मग त्यांनी वहीत तीनशेचा आकडा लिहून ताईपुढे सरकवला, पेचकस घेतला आणि मला फळीवरून सोडवून थेट स्वतःच्या दुकानाच्या दारात बसवलं.

ताईनं तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, मिळालं काम! तीनशे कुलपं!"

"देवा!" बाबा ओरडलेच. मग म्हणाले, "नमुना तेवढा जपून आण हो."

"तो नाही येणार, बाबा. तो दाराला लागला."



"किल्ली फिरव जरा," बाबा म्हणाले.

ताईनं फोन माझ्याजवळ धरला. खट्. खट्.

"दुसरा खटका माझ्या हातूनही इतका भरदार आला नव्हता गं," बाबांचा आवाज ओला झाला होता. "दार चांगलं आहे."

आता माझ्यामागे खोली आहे. लाकडाच्या भुशाचा वास, खुंटीवर बाईंची शाल, एक दिवा. त्यांचं बोलणं मला अजूनही कळत नाही. तुम्ही एक काम करा. कधी आपलं काही विकायला घेऊन परक्या दारी निघालात, तर आधी ते दार कसं आहे ते विचारा. आणि आपल्या माणसांच्या दारी निघालात, तर दोनदा विचारा.

बाई दिवा मालवताहेत. पहिला फेरा झाला. दुसऱ्याच्या वेळी मी जरा मोठ्यानं वाजतो. लांब कुणीतरी डोळे मिटून बसलं असेल.