जेवणानंतरच्या बाटल्या

तेलाच्या त्या कारखान्यात बाटल्या भरणारी यंत्रं चार होती, पण त्यांच्यावरून होणाऱ्या भांडणांना काही मोजदाद नव्हती. पंख्याखालची जागा कुणाला मिळाली, पट्टा आधी कुणाचा बदलला, चांगली झाकणं कुणी पळवली, यावरून तिथे रोज जुंपायची. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं. तिसऱ्या यंत्रावरच्या उस्तादांसारखा हात कुणाचा नाही. यंत्राच्या अंगाला एक पितळी स्क्रू होता. तो केसभर फिरवला की बाटलीत पडणारं तेल कमी-जास्त व्हायचं. बाकीचे तो फिरवून बाटली काट्यावर ठेवायचे, पुन्हा फिरवायचे, शिव्या द्यायचे. उस्ताद धारेकडे बघायचे, थोडा कान द्यायचे आणि बोटाने हलकेच ढकलायचे. झालं काम.

उस्तादांची एकुलती एक मुलगी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्याच कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, तेव्हा त्यांनी ते सगळ्यांना कान किटेपर्यंत सांगितलं. ‘‘आम्ही भरणार आणि ती तपासणार. म्हणजे आता घरात साहेब ती!’’ असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. कारखान्यात मुलीला सगळे काटेवाल्या बाई म्हणू लागले, कारण तिचा सगळा दिवस वजनकाट्यापुढे जायचा.

तिचं काम तसं सोपं होतं, आणि तिला ते मनापासून आवडायचं. दिवसाला हजारो बाटल्या भरल्या जातात. सगळ्या कोण मोजणार? म्हणून शितावरून भाताची परीक्षा. दर आठवड्याला प्रत्येक यंत्राच्या तीस बाटल्या उचलायच्या, काट्यावर ठेवायच्या आणि सरासरी काढायची. एकटी बाटली लहरी असते, थोडी कमी भरेल, थोडी जास्त. पण तीस जणींची सरासरी शहाणी असते, ती सहसा वाट सोडत नाही. यंत्र ठीक असेल तर अशा सरासऱ्या खऱ्या मापाच्या आसपासच घुटमळतात. कितपत दूर जातील, याचंही गणित असतं. सुरुवात करताना यंत्र निर्दोष आहे असंच धरून चालायचं. सरासरी इतकी खाली घसरली, की निर्दोष यंत्राकडून असं शंभरात पाचदाही घडणार नाही, तरच म्हणायचं, दोष आहे. म्हणजे कधीमधी निर्दोषावरही आळ येणार, हे त्या गणितातच मान्य केलेलं असतं. परीक्षेत हे लिहून तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आळ आपल्याच घरात येऊन बसेल, असला प्रश्न परीक्षेत नव्हता.

कोणत्या यंत्राच्या बाटल्या केव्हा उचलायच्या, हे तिने स्वतःच्या मर्जीवर ठेवलं नव्हतं. एका पत्र्याच्या डब्यात वेळा लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. निघेल ती चिठ्ठी, त्या वेळी जायचं. कुणाला आधी कळायला नको आणि आपल्या मनाचा कलही मध्ये यायला नको.

तिसऱ्या यंत्रासाठी मात्र ती चिठ्ठी काढत नसे.

त्यात काही लबाडी नव्हती हो. दुपारी ती आपला डबा घेऊन बाबांच्या यंत्राशी जायची. उलट्या ठेवलेल्या दोन खोक्यांवर बापलेक जेवायची. लहानपणी बाबांची पाळी आणि तिची शाळा यांची कधी गाठच पडली नव्हती. ती उठायच्या आत ते गेलेले, ते यायच्या आत ती झोपलेली. आता कुठे त्यांना एकत्र जेवायला मिळत होतं. बाबा आपल्या डब्यातली अर्धी भाजी तिच्या डब्यात ढकलायचे आणि वर, ‘‘आईने आज मीठ जास्त घातलंय, तूच संपव,’’ अशी थाप मारायचे. भोंगा झाला की यंत्र सुरू व्हायचं, आणि ती तिथेच उभी असल्यामुळे त्या आठवड्याच्या तीस बाटल्या तेव्हाच उचलून न्यायची. एका दगडात दोन पक्षी. बाटली ती बाटली, सकाळची काय अन् दुपारची काय, असं ती स्वतःशी म्हणायची. इतकी शिकलेली मुलगी, पण माया आली की हिशेबाला हे असे फाटे फुटतात.

थंडी पडली आणि तिसऱ्या यंत्राची सरासरी घसरली.

पहिल्यांदा ती घाबरली नाही. शंभरात पाचदा असं होतंच, हा त्यातलाच एक प्रसंग असेल, असं म्हणून तिने पुढचा आठवडा येऊ दिला. पुढच्या आठवड्यातही सरासरी खालीच. बाकीची तिन्ही यंत्रं ठणठणीत. तिने आकडेमोड परत केली, काटाही तपासून घेतला. उस्तादांचं वय झालं होतं. नजर, कान, बोटं, यातलं काहीतरी दगा देत होतं. आकडे तर तसंच म्हणत होते.

तिने बाबांना सांगितलं ते यंत्रापाशीच, सगळ्यांसमोर. घरी सांगितलं तर मुलीने बापाला आधी सावध केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून.

उस्तादांनी स्क्रूवरचं बोट काढून घेतलं. ‘‘एकदा सकाळच्याही घेऊन बघ की पोरी. माझ्या समाधानासाठी.’’

‘‘बाबा, निकाल आवडला नाही म्हणून दुसरा नमुना मागायचा नसतो. मग काय, हवं ते उत्तर येईपर्यंत बाटल्या उचलत बसायचं का?’’

नियम बरोबर होता. कोणत्याही पुस्तकात काढून बघा, असाच लिहिलेला सापडेल. शेजारच्या यंत्रावरचा एक जण फिसकन हसला. ‘‘उस्तादांनी हात आखडता घेतला वाटतं!’’

‘‘बरोबर आहे तुझं,’’ उस्ताद म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

साहेबांनी त्यांना यंत्रावरून काढून झाकणं निवडायच्या टेबलावर बसवलं. तिला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, ‘‘सख्ख्या बापालाही सोडलं नाहीत. अशी माणसं हवीत आम्हाला.’’ खरं सांगायचं तर तिला त्या वेळी बरं वाटलं. वाईट वाटतच होतं, पण बरंही वाटलं. दुपारी ती डबा घेऊन झाकणांच्या टेबलाशी गेली, तर बाबा म्हणाले, भूक नाही. दुसऱ्या दिवशीही भूक नव्हती. महिना संपायच्या आत त्यांनी आपणहून काम सोडलं, आणि इतकी वर्षं कडक इस्त्रीचा गणवेश घालणारा माणूस घरी मळक्या सदऱ्यात बसून राहू लागला.

तिसऱ्या यंत्रावर नवा माणूस आला. आता तिथे जेवायला थांबण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून त्याच्यासाठी ती इतरांसारखीच चिठ्ठी काढू लागली. आठवड्यामागून आठवडे सरासरी अगदी मापात. ‘‘बघा, म्हाताऱ्याचाच हात गेला होता,’’ सगळे म्हणाले. तीही मनात तेच म्हणाली. डोळे भरून आले, पण म्हणाली.

मग एकदा नव्या माणसासाठी चिठ्ठी निघाली ती नेमकी जेवणानंतरची. भोंगा झाला, यंत्र सुरू झालं, तिने तीस बाटल्या उचलल्या. सरासरी खाली होती. अगदी तितकीच, जितकी बाबांची असायची.

तिने काटा पुन्हा तपासून घेतला. मग उठली आणि पुढचे काही दिवस चारही यंत्रांच्या जेवणानंतरच्या बाटल्या उचलत गेली. चारही यंत्रं कमी भरत होती. सकाळी नळ्या गरम करूनच कामाला सुरुवात व्हायची, पण जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की थंडीत नळ्यांतलं तेल दाट व्हायचं, आणि पुन्हा ऊब धरेपर्यंत थोडंथोडं कमी पडायचं. पाव तासाची गोष्ट. मग सगळं सुरळीत. उस्तादांचा हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसा होता तसाच होता. तिने फक्त तो पाव तास बघितला होता, आणि फक्त त्यांचाच बघितला होता, कारण कारखान्यात तिला ज्याच्याशेजारी जेवायला बसावंसं वाटलं असं माणूस एकच होतं.

दोष ना यंत्राचा, ना हाताचा. शीतच पातेल्याच्या कडेचं उचललं होतं, आणि तेही मायेने. तिने त्यांच्यावर इतकं प्रेम केलं नसतं, तर चिठ्ठी काढली असती, आणि ते आज यंत्रावर असते.

साहेबांकडे जाऊन तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने. साहेब भले होते, निदान त्या दिवशी तरी. म्हणाले, सुट्टीनंतरचा पहिला पाव तास भरलेलं तेल परत टाकीत ओतू, आणि उस्तादांना म्हणावं, यायचं तर उद्या या, यंत्र तुमचंच आहे. ती घरी जवळजवळ धावतच गेली.

आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. थंडीने तिचा खोकला बळावला होता. बाबा खिडकीशी होते. मुलीने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं. थांबलेलं तेल, पाव तास, चारही यंत्रं, तिने न काढलेली चिठ्ठी. ‘‘बाबा, तुमचा हात कधी चुकलाच नव्हता. मी चुकले. उद्या चला. साहेब वाट बघतायत.’’

बाबांनी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसले. जेवताना भाजी जास्त ढकलल्यावर ती रागवायची, तेव्हा हसायचे तसे.

‘‘किती विचार करतेस गं माझा.’’

‘‘विचार नाही बाबा, खरं आहे हे! मोजलंय मी.’’

‘‘मोजलं असशील. पण तेव्हा तू माझं काही ऐकलं नाहीस ना, चारचौघांत मला गप्प केलंस, म्हणून तर मला पटलं. म्हटलं, पोटची पोर असं उगीच नाही बोलणार. आज तू माझ्यासाठी धापा टाकत आलीयस. आज तू काहीही सिद्ध करशील, बाळा. मला वाईट वाटू नये म्हणून.’’

तिने पुन्हा समजावलं. कागद काढून आकडे दाखवले. ते मान डोलवत राहिले. लहान मुलाची गोष्ट मोठी माणसं ऐकतात ना, तसं कौतुकाने. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांना तिचा राग नव्हता. राग असता तर तिने पाय धरले असते.

‘‘अगं, मला माझं कळत नाही का?’’ ते म्हणाले. ‘‘हल्ली घरातही सांडतंच माझ्या हातून. तेव्हा यंत्रावरही होत असणार, मला उमगत नव्हतं एवढंच.’’

‘‘तुम्ही घाबरून करता म्हणून सांडतं,’’ आई मधेच म्हणाली. ‘‘इतकी वर्षं कधी सांडलं होतं का हो? तिने सांगितल्यापासूनच थरथरतोय तो हात.’’ आणि तिला खोकल्याची उबळ आली.

खोकल्याच्या औषधाची बाटली कोनाड्यात होती. सोबत प्लॅस्टिकचं एक टोपण, त्यावर मापाची रेष. ‘‘बाबा, तुम्ही ओता,’’ मुलगी म्हणाली. ‘‘ओता आणि बघा. तुमचं तुम्हालाच दिसेल.’’

त्यांना नको होतं. पण ती रडकुंडीला आली होती, म्हणून उठले. दिव्याखाली टोपण धरलं आणि ओतायला लागले. हात हलत होता. एक ओघळ बोटांवरून मनगटापर्यंत गेला. ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा थोडं ओतलं, आणि जास्त होईल या भीतीने बाटली चटकन सरळ केली. औषध रेषेच्या खालीच राहिलं होतं.

‘‘बघ,’’ ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतं, सुटकाच होती. हिशेब जुळल्याची.

एका वेळेवरून काहीच सिद्ध होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? निदान तीस वेळा तरी ओतायला हवं. पण ‘‘पुन्हा ओता’’ म्हणायला तिची जीभ उचलेना. त्यांच्या मनगटावरून औषध ओघळत होतं आणि ते दुसऱ्या हाताने, कुणाला दिसू नये असं, पुसत होते.

आई खोकतच होती. मुलीने त्यांच्या हातातून टोपण घेतलं. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, तरी हात तिचा स्थिर होता. तिने बरोबर रेषेपर्यंत औषध भरलं. बाबा वाकले, टोपणाशी डोळे नेऊन त्यांनी ती रेष नीट पाहिली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

‘‘अहाहा,’’ ते आईला म्हणाले, ‘‘बघितलंस? आपल्या पोरीचा हात कसा नेमका आहे. कधी चुकायचा नाही.’’