पाठीवरचं नाव

"ए लकडी, नाव ज्याचं, भारही त्याचाच घेजो!" रऊफ मिस्त्रींचा तो आवाज अजून माझ्या सागवानी अंगात आहे. दर्यापुरात त्यांनी पटाशीनं माझ्या पाठीवर कोरलं : पंचफुला. मित्रांनो, मी शेतकऱ्यांच्या एका कंपनीतली संचालकाची खुर्ची. संचालक पाच, म्हणून आम्ही बहिणीही पाच.

पहिल्या सभेला पंचफुलाबाई आल्या, पदर सावरून जेमतेम टेकल्या. तोच अध्यक्ष रामराव म्हणाले, "वहिनी, चहाचं पाहा जरा." त्या उठल्या, त्या उठल्याच. पुढच्या सभेपासून त्यांचे यजमान देवराव माझ्यावर बसू लागले. नाव तिचं माझ्या पाठीवर, बैठक मात्र त्याची! सहा वर्षं तंबाखूचा खर्रा चघळत ते "मंजूर, मंजूर" म्हणाले. बाईंची सही तेवढी घरून यायची. पाहुणे आले की मात्र माझी पाठ पुढं : "आमच्यात बाईबी संचालक हाय!" संतापानं मी करकरायची. देवराव म्हणायचे, "हिले तेल द्या रे."

यंदा सभासदांनी हट्ट धरला, म्हणून मंडळाचा कारभार सुधारायला अकोल्याहून सल्लागार आल्या, माहेनूर मॅडम. त्या दिवशी सोयाबीनचं बियाणं गावोगाव वाटायचा ठराव होता. बियाणं रामरावांच्या भाच्याचं. मॅडमनी माझ्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"पंचफुला कोण?"

"हेच की!" रामरावांनी देवरावांकडं बोट दाखवलं. सारे खदखदले.

"ती घरी हाय," देवराव म्हणाले. "तिले काय समजते!"

मॅडम हसल्या नाहीत. "माझा पहिला सल्ला हाच. उठा. जिचं नाव, तीच बसेल. त्या येईपर्यंत ठराव नाही."

निरोप गेला. बाई आल्या, काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी. देवराव दारातच पुटपुटले, "गप राय बरं, भाच्याचं हाय." त्या माझ्यावर बसल्या. मी करकरले नाही.

मित्रांनो, आम्हां खुर्च्यांना पॉलिश नको, हार नको. जिचं नाव कोरलं तिला बसू द्या, अन् बसलेलीला बोलू द्या.

"वहिनी, आल्याच आहा तं चहा..." रामराव म्हणाले.

"चहा तुमी करा, भाऊजी." बाईंनी टेबलावर गोणपाट उलगडलं. "याच बियाण्याचे शंभर दाणे यात उगवाले टाकले होते. बत्तीस उगवले. चार दिसांपासून मले मालूम हाय." त्यांनी देवरावांकडं बोट दाखवलं. "यायनं दाबलं, अन् मीबी गप रायली. आता नाही. हे बियाणं मी कोणाच्याच वावरात पडू देत नाही."