शेवटचे दोन किलोमीटर

नयनला चाळीस किलोमीटर हवे होते, तेही न थांबता. पुढच्या महिन्यातल्या शंभर किलोमीटरच्या वल्हवण्याच्या शर्यतीत उतरायचं, तर आयोजकांना आधी किलोमीटर मोजणाऱ्या घड्याळातली नोंद पाठवायची होती. त्यात दोन मिनिटांहून मोठा थांबा दिसला की अर्ज बाद. शिवाय शेवटच्या टप्प्याला एक साक्षीदार हवा, आणि तो नात्यातला चालणार नव्हता. मुदत रविवारी संपत होती.

रविवारी तर त्याची सहल असायची. हौशी मंडळींना उभ्याने वल्हवायच्या बोर्डांवर घालून डोंबिवलीच्या मोठागाव बंदरावरून खाडीत दोन तास फिरवायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. एक रविवार सुट्टी घेतली असती तर आभाळ कोसळलं नसतं. पण आपले पठ्ठे पडले हुशार. पहाटे चारला पाण्यात उतरून आठपर्यंत अठ्ठावीस किलोमीटर करायचे आणि उरलेले बारा सहलीतच उरकायचे, असं त्यांनी ठरवलं. पाहुणे रमतगमत जाणार, हा त्यांच्याभोवती फेऱ्या मारणार.

पाहुणे सहा होते. पाच जण घोडबंदर रोडच्या उंच इमारतींतले. सहाव्या शेवंतीबाई, एसटीच्या खोपट आगारातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कंडक्टर. चार रविवार शिकून त्यांना बोर्डावर उभं राहणं जमायला लागलं होतं, वेग मात्र बेताचा. साक्षीदार व्हा म्हणून नयनने त्यांनाच गळ घातली होती आणि बाई खूश झाल्या होत्या. मागच्या दाराशी शेवटचा माणूस चढल्याशिवाय आपण तीस वर्षांत कधी डबल बेल दिली नाही, तेव्हा नजर ठेवायचं काम आपल्याला येतं, असं त्या म्हणाल्या होत्या.

आठ वाजता नयन काठावर आलाच नाही. बंदरासमोर पाण्यात गोल गोल फिरत त्याने सूचना दिल्या, त्याही निम्म्या. लाइफ जॅकेट, पायाची दोरी, वल्हं कसं धरायचं एवढं सांगितलं. ओहोटी लागली की काठाचा चिखल उघडा पडतो, त्यात पडलात तर उभं राहायचं नाही, बोर्डावर आडवं व्हायचं, हे राहून गेलं. राहून गेलं कसलं, त्याने मुद्दाम सोडलं. ते करून दाखवावं लागायचं आणि त्यासाठी पाच मिनिटं थांबावं लागलं असतं. खाडीचा हा पहिला धडा वडिलांनी, गोविंदाने, त्याला पाचव्या वर्षी दिला होता. गोविंदाची उमेदीची वर्षं रेतीसाठी बुड्या मारण्यात गेली, आता तो ओहोटीला तिवरांच्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचा.

कल्याणच्या बाजूने परतताना ओहोटी लागली. घड्याळात अडतीस झाले होते. शेवंतीबाई मागे पडून तिवरांच्या कडेला गेल्या होत्या. धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ हाक आली, "नयन, अरे थांब, पाय रुतलेत माझे."

त्याला ऐकू आलं. दुसरी हाक आली, तिसरी आली. पुढचे पाच जण गप्पांत होते, त्यांना पत्ता नव्हता. बाईंच्या अंगात जॅकेट आहे, पाणी गुडघाभर आहे, वीस मिनिटांत काही होत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. मान मागे वळू नये म्हणून ती ताठ धरली. पाच जणांना बंदराला लावून तो न थांबता पुढे गेला. मनगटावर घड्याळ थरथरलं, चाळीस झाले. त्याला आनंद झाला. तो आनंद अगदी खरा होता, आणि पुढे त्याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

उलट्या पाण्यातून मागे पोचायला अर्धा तास लागला. बाई कमरेपर्यंत चिखलात होत्या. उभं राहायला त्या जितक्या धडपडल्या तितक्या खोल गेल्या होत्या. त्यांच्याच बोर्डावर पालथा पडून गोविंदा त्यांना काखेत धरून इंचाइंचाने ओढत होता. चिंबोऱ्यांची टोपली पलीकडे उपडी झाली होती. पोराला ऐकू गेलं नसेल, नाहीतर तो थांबला असता, असं तो बाईंना पुन्हापुन्हा सांगत होता. नयनने नुसती मान डोलावली.

घरी नयनच्या आईने, शकूने, बाईंना ऊन पाणी दिलं, आपलं पातळ नेसवलं, चहा पाजला. बाईंनी तिचे दोनदा आभार मानले. मग नयनकडे वळून विचारलं, "बाकीचे पाच पोचले ना? मोजलेस?"

तो हो म्हणाला. त्यांनी अर्ज मागितला. राहू दे म्हणाला, तर शब्द दिलाय म्हणाल्या. शांतपणे लिहिलं, सही केली आणि रिक्षात बसून गेल्या.

अर्जावर तीन वाक्यं होती. "मला दिसत होता तोवर नयन एकदाही थांबला नाही, याची मी साक्षीदार आहे. मी त्याला तीनदा हाक मारली. पहिल्या हाकेला त्याचं वल्हं क्षणभर अडलं, मग तो जास्त जोरात वल्हवू लागला."

गोविंदाला वाचता येत नव्हतं. अंगावरचा चिखल तसाच घेऊन तो ओटीवर बसला होता. "काय लिवलाय बायनी?" त्याने विचारलं.

"न थांबता गेलो, असं लिहिलंय."

गोविंदाचा चेहरा खुलला. मग त्याने खालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि तिथं काय आहे, असं विचारलं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. नयनने त्या वाचल्या.

गोविंदाचं बोट त्या ओळींवरच राहिलं. "तुला आयकू आलेली हाक?"

"आलेली, बाबा. तिन्ही."

गोविंदा उठला. अंगणात बाईंचा बोर्ड चिखलाने माखून पडला होता, तो धुवायला बसला. नयन घाईने जवळ गेला आणि फडकं घ्यायला हात पुढे केला. गोविंदाने फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"तू बस," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "चाळीस केलेस, दमला असशील."

नयन बसला. अर्ज त्याने पाठवला नाही, पण तेवढ्याने काही भरून निघालं असं कोणी समजू नये. बाप पाठमोरा बोर्ड घासत राहिला, आणि त्या पाठीकडे बघायचं नयनच्याने होईना.