चांगल्या वाक्याला दाद

कादंबरीकाराला दुसऱ्याचं चांगलं वाक्य सापडलं की त्याच्या तोंडून आपोआप 'वा' निघायचा. त्याच्या धंद्यातली माणसं दुसऱ्याच्या पुस्तकात चुका हुडकतात, आणि चांगलं काही दिसलंच तर पान उलटून मोकळी होतात. हा मात्र ते वाक्य मोठ्यानं वाचायचा, कागदावर बोटानं टिचकी मारायचा आणि मनापासून म्हणायचा, वा. गोष्टीत पुढं काय होतं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे. ओल्या टॉवेलचं, जिन्यातल्या अंधाराचं, कुणा म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं वर्णन नेमक्या शब्दांत उतरलेलं दिसलं की त्याचा दिवस सार्थकी लागे.

शेजारच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन चालू असायचं. लोकांचे कपडे आत घेणं, सैल करणं, बाह्या लावणं अशी कामं ती घरीच करी. नवऱ्याचा 'वा' ऐकू आला की मशीन न थांबवता ती म्हणे, माझ्या हातच्या जेवणाला नाही कधी मिळाला हो हा मान. तो हसून पुढं वाचू लागे. खरं तर ते मशीन चालू असलं तरच त्याचं वाचनात लक्ष लागायचं, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. राहून गेलं, एवढंच.

प्रकाशकानं एका नव्या लेखकाच्या कादंबरीचं बाड पाठवलं होतं. मलपृष्ठासाठी चार ओळी हव्या होत्या. पहिल्याच पानावर स्वयंपाकघर होतं: 'सकाळचं ऊन खिडकीतून आत येई आणि ओट्याखाली, पाय पोटाशी घेऊन, बसून राही.' त्यानं वाक्य दोनदा वाचलं, टिचकी मारली आणि दाद दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला गेला आणि तांब्या हातात तसाच राहिला. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, हात लांब केला तर भिंतीला लागावा इतक्या जवळ. तिथं भर दिवसाही दिवा लावावा लागे. आज ओट्याखाली उन्हाचा एक तुकडा अंग चोरून बसला होता. त्यानं खिडकीबाहेर डोकावून पाहिलं, तर भिंत जागच्या जागी. बायकोला हाक मारली. ती दातांत दोरा धरून आली, बघितलंन आणि म्हणाली, रोजच येतं की, तुम्ही कधी इकडं पाऊल टाकलंय का? तो ओशाळला. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

मग कपाचं वाक्य आलं. 'तिच्या कपाच्या कानाशी केसाएवढी चीर होती. चहा भरला की दिसायची, कप रिकामा झाला की मिटायची.' इतकं बारीक पाहिलेलं वाचून त्याला राहवलं नाही. संध्याकाळी चहाला बसले तर बायकोच्या कपाला, त्यानं नुकत्याच हौसेनं आणलेल्या नव्या कोऱ्या कपाला, कानाशी तीच चीर. तो बघतच राहिला. ती म्हणाली, दुकानातून आणला तेव्हापासूनच आहे, आणि बदलून आणायला नको असं तुम्हीच म्हणाला होतात. असं काही झालेलं त्याला आठवत नव्हतं. पण चहाचे घोट घेता घेता ते हळूहळू आठवायला लागलं, दुकानदाराच्या चेहऱ्यासकट. तेव्हा मात्र त्यानं कप खाली ठेवला.

माणूस घाबरला की आधी स्वतःची समजूत काढतो. त्यानंही काढून पाहिली. काळ्या ढगांचं आणि सुसाट वाऱ्याचं एक बेचव वाक्य निवडून त्यानं मुद्दाम मोठ्यानं 'वा' म्हटलं. दिवसभर आभाळ लख्ख राहिलं. मग दारामागच्या खिळ्याला टांगलेल्या छत्रीचं एक फार देखणं वाक्य आलं, तेव्हा त्यानं ओठ आवळून धरले. उपयोग झाला नाही. तासाभरानं दारामागं छत्री होती, आणि ती कुठल्या गावी विकत घेतली हेही त्याला आठवत होतं. म्हणजे तोंडानं म्हणणं न म्हणणं सारखंच होतं. वाक्य आत कुठंतरी आवडलं, की झालं.

बाडातही एक नवरा होता आणि एक बायको होती. जन्मभर कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला असा लेखक गोष्ट कुठं नेऊन पोचवतो हे काही कुणी सांगायला नको. तिला काही होईल, आणि ते आपल्याच पसंतीनं होईल, या भीतीनं त्याचं जेवणावरचं मन उडालं. त्यानं प्रकाशकाला फोन करून सांगितलं की बाड परत पाठवतोय, जमणार नाही. प्रकाशक म्हणाला, अहो, शेवटचं पान तरी वाचा, पठ्ठ्यानं कमाल केली आहे. त्यानं फोन ठेवून दिला.

बाड बांधायला त्यानं बायकोकडं जाड दोरा मागितला आणि तो सदरा बदलायला आत गेला. बाहेर आला तेव्हा ती खुर्चीत बसली होती, चष्मा नाकावर घेऊन, आणि शेवटचं पान तिच्या हातात होतं.

"ठेव ते," तो म्हणाला.

"ठेवते हो. किती दिवस तुमचा 'वा' ऐकला नाही. घर कसं ओकंओकं वाटतं. हे ऐका, हे तुम्हाला नक्की आवडेल." आणि त्यानं कान झाकायच्या आत तिनं वाचलं, तिच्या साध्या, सावकाश आवाजात: "'रोज सकाळी तो दोन कप काढी, आणि त्यातला एक, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं, आवाज न करता परत फळीवर ठेवी.'"

त्यानं जिवाच्या आकांतानं त्या वाक्यात खोट शोधली. भाबडं आहे, म्हणून पाहिलं. रडवायला लिहिलंय, म्हणून पाहिलं. शब्दन् शब्द हलवून पाहिला, पण एकही जागचा हलेना. आणि इतकी वर्षं जे छातीत आपसूक उमलून येत होतं, ते आलंच.

बायको त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. "आवडलं ना? मला कळतं," ती खुशीत म्हणाली आणि उठून आपल्या कामाला लागली. मशीन सुरू झालं.

तो तिच्या रिकाम्या खुर्चीत बसला. "मशीन थांबवू नकोस," त्यानं तिथूनच सांगितलं.

"का हो?"

"ते चालू असलं तरच मला वाचता येतं. पहिल्यापासून."

आतून हसणं ऐकू आलं. "चला, एवढ्या वर्षांनी का होईना, दाद मिळाली म्हणायची." मशीन चालत राहिलं. तो डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून ऐकत राहिला.

सकाळी त्यानं चहाचं आधण ठेवलं. ओट्याखाली ऊन येऊन बसलं होतं. मशीनवरच्या झाकणावर धूळ फार साचली होती, ती आज पुसायला हवी होती. त्याला सगळं नीट आठवत होतं: दवाखान्यातला तो लांब बाक, भेटायला येणारी माणसं, आणि नंतर बरेच दिवस, अर्धे शिवलेले कपडे परत न्यायला संकोचत दारात उभी राहणारी गिऱ्हाइकं. त्यानं दोन कप काढले. मग केसाएवढी चीर असलेला कप उचलला आणि आवाज न करता परत फळीवर ठेवला.