‘येते’ म्हणायचे राहिले

मी एक जुने पायपुसणे आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! मलाही चार गोष्टी सांगायच्या असतात.

आईने मला चिंध्यांतून विणले. बाबांचा कामावरचा शर्ट, थोरलीचा फ्रॉक, आईची विटकी निळी ओढणी, सगळे माझ्यात आहे. घरात कोणी शिरले की आई ओरडायची, "आधी पाय पूस!" धाकटी मात्र पाय पुसता पुसता माझ्यावरच गिरकी घ्यायची. मी घसरायचे, ती आपटायची आणि बोलणी मला बसायची.

पुढे नाच शिकायला ती परदेशी निघाली. आईने मला गुंडाळून तिच्या बॅगेत कोंबले. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. गडबडीत ती बोलून गेली, "आई, जाते गं."

"जाते म्हणू नये, येते म्हण!" आई म्हणाली.

तिने ऐकले, पण तोवर गाडीचे दार लागले होते.

नंतर अकरा वर्षे मी तिच्या परदेशातल्या कपाटाच्या तळाशी कुबट वासात पडून राहिले. कोणाचा पाय म्हणून लागला नाही. पायपुसण्याला याहून मोठे दुःख कोणते? मला आमच्या दाराची फार आठवण यायची.

यंदा एका नृत्यसंस्थेने तिला सहा आठवडे राहायला खोली आणि सरावाला दालन दिले. घर सोडून आलेल्या माणसांवर तिला नाच बसवायचा होता. अशीच दुरून आलेली नर्स, पाववाला आणि शिंपीणबाई यांना तिने बोलावले. मला मधोमध अंथरून ती म्हणाली, "हे तुमचं दार. कसे निघालात, करून दाखवा." नर्स तीनदा मागे वळली. पाववाल्याने कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहिले. तिची स्वतःची पाळी आली की मात्र ती माझ्यावर उभी राहायची आणि पाऊल काही केल्या उचलेना. पाच आठवडे असेच गेले.

शेवटी शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं, निघताना काय बोललीस ते तरी सांग."

ती मटकन माझ्यावर बसली आणि रडली. मग तिथूनच तिने फोन लावला. "आई, तेव्हा म्हणायचं राहून गेलं. येते गं."

पलीकडून आईचा आवाज आला, "मग ये ना! ते पायपुसणंही आण. दारात दुसरं घातलंच नाही मी."

नाचाच्या दिवशी ती माझ्यावरून बाहेर पडली आणि शेवटी माझ्यावरच परत आली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा झटकून पाहा. आणि निघताना ‘येतो’ म्हणालात, तर खरेच या. कोणीतरी दार तसेच ठेवलेले असते.

सध्या मी पुन्हा तिच्या बॅगेत आहे. या वेळी सगळ्यात वर.