उसनी माती

करडी गावच्या भूपेंद्रने आपल्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भातखाचरावर, ‘विषमुक्त शेती’ असा ठळक फलक लावला होता. फवारणीचा पंप तो गोठ्यात लपवायचा. पाहुणे येत, फलकाचे फोटो काढत आणि चहा पिऊन जात.

शेजारच्या गोदावरीबाईने मात्र सात वर्षं खरंच औषध मारलं नव्हतं. तिलाच तो हसायचा. “वहिनी, तुमच्या बांधीत धान कमी अन् किडे जास्त!”

यंदा कृषी महाविद्यालयाची दामिनी माती तपासायला आली. मातीतली विकरं, म्हणजे जिवाणूंची कामाची रसायनं, जागी असली तर नळीतल्या या द्रावणात माती लाल होते, असं सांगून तिने दोघांच्या बांधीतली माती नळ्यांत भरली. दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईची नळी लालभडक झाली. भूपेंद्रची जशीच्या तशी राहिली.

“नमुना बदलला असन,” भूपेंद्र गुरगुरला. “माती मीच आणून देतो.”

त्याने पिशवीभर माती आणून दिली. ती लाल झाली, तेव्हा तो चावडीवर लोकांना गोळा करून छाती फुगवून उभा राहिला.

गोदावरीबाईने उरलेल्या मातीच्या पिशवीत हात घातला आणि हिरवळीच्या खतासाठी गाडतात त्या बोरूचा अर्धवट कुजलेला देठ बाहेर काढला.

“गावात बोरू म्या एकटीनंच गाडला, भाऊजी. माती चोरून कायले नेली? मागितली असती त टोपलंभर देली असती.”

लोक खो खो हसले. दामिनीने त्याच्या नावापुढे पहिल्या तपासणीचाच निकाल लिहिला.